स्टेनलेस स्टीलच्या ऑर्थो वायरची हीट ट्रीटमेंट: नवीन शिकणाऱ्यांसाठी पहिल्यापासून

ऑर्थोला (दात सरळ करायच्या शाखेला) एमडीएससाठी नवीन लागलेली मुलं आणि डेंटल लॅबमधे वायरचं काम शिकणारी मुलं, दोघांकडून एक प्रश्न हमखास येतो की लूप (वायरला दिलेला वळसा) वाकवून झाल्यावर वायर भट्टीत कशाला टाकायची, किती वेळ टाकायची आणि नाहीच टाकली तर काय बिघडतं. उत्तर म्हणून बहुतेक वेळा "वायर कडक होते" एवढंच ऐकायला मिळतं आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते, कारण आपण वापरतो ती स्टेनलेस स्टीलची वायर गरम करून कडक होतच नाही. गरम केल्यावर तिचं दोनपैकी एक होतं. कमी तापमानाला थोडा वेळ ठेवली तर वाकवताना आत अडकलेला ताण सुटतो, आणि जास्त तापवली तर ती कायमची मऊ पडते. पहिलं हवं असतं, दुसरं नको असतं, आणि दोन्हीमधे अंतर साधारण दोनशे अंशांचंच आहे, त्यामुळे डोळ्याच्या अंदाजाने करायचं हे काम नाही.

आधी हातातली वायर काय आहे ते समजून घ्या

आपली रोजची आर्चवायर (दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटमधून जाणारी मुख्य वायर) म्हणजे १८-८ जातीचं ऑस्टेनिटिक स्टेनलेस स्टील, ग्रेड ३०२ किंवा ३०४. ढोबळ मानाने १७ ते २० टक्के क्रोमियम, ८ ते १२ टक्के निकेल, अगदी थोडा कार्बन आणि बाकी लोखंड. क्रोमियममुळे वर ऑक्साईडचा एक पातळ थर धरतो आणि तो गंजू देत नाही. निकेलमुळे या स्टीलची अंतर्गत रचना खोलीच्या तापमानालाही ऑस्टेनाईटचीच राहते, म्हणजे लाल करून पाण्यात बुडवलं तरी ते कडक होत नाही. तुमचे प्लायर, कटर, स्काल्पेलची पाती ज्या मार्टेन्सिटिक स्टीलची असतात ते तापवून बुडवून कडक करता येतं, पण तो प्रकारच वेगळा, त्याचे नियम वायरला लावू नका.

मग वायरमधे स्प्रिंग येते कुठून, तर थंड अवस्थेत ओढण्यातून. कारखान्यात जाड सळई एकामागून एक लहान होत जाणाऱ्या डायमधून ओढतात, दर ओढीला धातू आणखी ताठ होत जातो, मधेमधे मऊ करून परत ओढतात आणि शेवटी हवी तेवढी ताठ वायर मिळते. ही गोष्ट हाताने बघायची असेल तर ड्रॉवरमधून ०.०१० इंचाची लिगेचर वायर (आर्चवायर ब्रॅकेटला बांधायची बारीक वायर) काढा आणि शेजारी ०.०१६ ची राऊंड आर्चवायर ठेवा. जाडीचा फरक सोडून द्या, दोन्ही वाकवून सोडा. लिगेचर वाकवली तशीच पडून राहते, आर्चवायर उसळून परत येते. स्टील दोन्हीकडे जवळपास एकच आहे, फरक एवढाच की लिगेचर वायर शेवटी पूर्ण मऊ केलेली असते आणि आर्चवायर ओढून ताठ ठेवलेली असते. तुमची आर्चवायर भट्टीत जास्त तापली तर तिची लिगेचर वायर होते असं सरळ समजा, आणि तिची परत आर्चवायर करायचं कुठलंही साधन क्लिनिकमधे नाही, लॅबमधेही नाही, कारण त्यासाठी ती परत डायमधून ओढावी लागेल.

"गरम करून कडक" हा समज मात्र अगदीच हवेतून आलेला नाही. स्टेनलेस स्टील रुळायच्या आधी ऑर्थोमधे सोन्याच्या मिश्रधातूच्या वायरी वापरायचे आणि त्यात तांबं असल्यामुळे त्या योग्य तापमानाला ठेवल्या की खरोखर कडक व्हायच्या. १९३० नंतर हळूहळू स्टील आलं, सोनं मागे पडलं, पण बोलण्याची पद्धत तीच राहिली.

ताण अडकतो म्हणजे नक्की काय होतं

वायर वाकवली की बेंडच्या बाहेरच्या बाजूचा धातू ताणला जातो, आतल्या बाजूचा दाबला जातो, आणि मधला भाग अजून स्प्रिंगसारखा परत सरळ व्हायला बघत असतो. तुम्ही प्लायर सोडला की वायर थोडी मागे येते, पण पूर्ण येत नाही. बाहेरचं आणि आतलं एकमेकाला धरून ठेवतं आणि तो ताण तिथेच राहतो. अशी वायर तोंडात बांधली की त्यावर आणखी बळ येतं, चावणं येतं, दिवसातून हजारो वेळा ती हलते आणि मग लूप हळूहळू स्वतःचा आकार बदलायला लागतो, किंवा नेमकी बेंडच्या जागीच वायर तुटते. पेशंटला वाटतं काहीतरी कडक खाल्लं म्हणून तुटली. तेही असू शकतं, पण तीव्र बेंड मारून तशीच लावलेली वायर तुटायला फार काही लागत नाही.

आता ही वायर साडेचारशे अंशाच्या आसपास काही मिनिटं ठेवली तर धातूच्या कणांची मूळ रचना तशीच राहते, ओढण्यातून आलेला ताठपणा टिकतो, फक्त अडकलेला ताण बराचसा निघून जातो. यालाच स्ट्रेस रिलीफ म्हणायचं आणि ऑर्थोत आपण हीट ट्रीटमेंट म्हणतो ती हीच.

यातला एक मुद्दा मला नीट सांगायचाय कारण व्हायवालाही इथेच अडकायला होतं. स्ट्रेस रिलीफने वायरचा स्टिफनेस फारसा बदलत नाही. म्हणजे लूप एक मिलिमीटर उघडल्यावर दातावर जेवढं बळ आधी यायचं साधारण तेवढंच नंतरही येतं. बदलते ती मर्यादा, लूप किती उघडला तर तो कायमचा वाकडा होईल ती मर्यादा वर सरकते. पुस्तकी भाषेत प्रपोर्शनल लिमिट (म्हणजे हीच मर्यादा) आणि रेझिलियन्स (ऊर्जा साठवून परत द्यायची क्षमता) वाढतो, मॉड्युलस (म्हणजे स्टिफनेस) जवळपास तिथेच राहतो. रोजच्या कामात याचा अर्थ असा की हीट ट्रीट केलेला लूप तुम्ही थोडा जास्त अ‍ॅक्टिव्हेट करू शकता, म्हणजे उघडून ताणू शकता, आणि तो आपला आकार धरून ठेवेल. "वायर जास्त जोर लावेल" या अपेक्षेने कोणी करत असेल तर ते होणार नाही, जोर वाढवायचा असेल तर जाड वायर घ्या नाहीतर लूपची रचना बदला.

कुठल्या वायरला करायचं, कुठल्याला नाही

कंपनीकडून तयार आलेली ०.०१९ × ०.०२५ इंचाची सरळ आर्चवायर घेतली, हुक लावले आणि स्लायडिंगसाठी (दात वायरवरून सरकवायला) बांधली, तर तिला काही करायची गरज नाही, तिच्यात तुम्ही बेंडच मारलेले नाहीत. खरा उपयोग जिथे वाकवणं खूप आहे तिथे: ०.०१७ × ०.०२५ मधला क्लोजिंग लूप (दातांमधली जागा बंद करणारा), युटिलिटी आर्च, ०.९ मिमीची क्वाड हेलिक्स (वरची कमान रुंद करणारी), लिंग्वल आर्च (जिभेच्या बाजूने जाणारी वायर), रिमूव्हेबल म्हणजे काढता-घालता येणाऱ्या अप्लायन्समधली ०.५ किंवा ०.६ मिमीची स्प्रिंग आणि कनाईन रिट्रॅक्टर (सुळा मागे ओढणारा). अ‍ॅडम्स क्लास्प (दाढेला धरणारा) आणि लेबियल बो (पुढच्या दातांवरून जाणारी वायर) ०.७ मिमीचे असतात, बेंड तीव्र असतात, त्यांनाही केलं तर चांगलंच, पण हाताखाली कामं खूप असतील तर आधी लूपवाल्या आणि स्प्रिंगवाल्या वायरींना प्राधान्य द्या.

तापमानाचे आकडे

पुस्तकांत ३७० ते ४८० अंश सेल्सिअस ही पट्टी दिलेली असते. फंक यांनी १९५१ साली सुचवलेलं प्रमाण आजही सगळ्यात जास्त सांगितलं जातं: ४५४ अंश सेल्सिअस, ३ मिनिटं, आणि खूण म्हणून वायरला स्ट्रॉ कलर म्हणजे वाळलेल्या कडब्यासारखा फिकट पिवळा रंग. नंतर सुमारे ४०० अंशाला ११ मिनिटं असंही प्रमाण आलं. दोन्ही चालतात. तापमान थोडं कमी असेल तर वेळ जास्त द्यायचा, एवढाच त्यातला हिशोब. शिकताना एकच प्रमाण पकडा आणि तेच वापरत रहा, मी तर म्हणेन ४५० ला ३ मिनिटं.

इथे एक जागा फार धोक्याची आहे. जुन्या अमेरिकन लेखनात हाच आकडा ८५० असा दिसतो आणि तो फॅरनहाईट आहे. आपल्याकडच्या भट्ट्यांवर सेल्सिअस असतं. कोणी ८५० वाचून ८५० लावलं तर वायर बाहेर येते ती काळपट आणि पूर्ण मेलेली. भट्टीच्या शेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात ४५० सेल्सिअस लिहून चिकटवून ठेवा, नवीन येणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगी पडेल.

आकडे वर चढत गेले की काय होतं तेही डोक्यात असू द्या. साधारण ६५० च्या पुढे ओढून आलेली रचना मोडून नवे मऊ कण तयार व्हायला लागतात, वायर आपली स्प्रिंग घालवते. उजेडात वायर लालसर दिसली याचा अर्थ तुम्ही तिथे पोचलात. दुसरा त्रास म्हणजे सेन्सिटायझेशन. ४०० ते ९०० च्या पट्ट्यात, त्यातही मधल्या भागात जास्त वेगाने, कार्बन आणि क्रोमियम एकत्र येऊन कणांच्या सीमांवर कार्बाईड म्हणून जमतात, त्या सीमांजवळचं क्रोमियम कमी पडतं आणि तिथे गंज शिरतो, वायर ठिसूळ होते. मग पट्टीचं खालचं टोक आपल्या ४५० ला अडतंच की, असं विचाराल. अडतं, पण त्या तापमानाला ही क्रिया फार हळू चालते, तीन मिनिटांत विशेष काही होत नाही. म्हणूनच वेळ पाळायचा. "अजून पाच मिनिटं राहिली तर काय होतंय" ही सवय लावून घेऊ नका.

आणि ऑटोक्लेव्हबद्दल एक, कारण हा गैरसमज मी बऱ्याच ठिकाणी ऐकलाय. ऑटोक्लेव्ह १२१ किंवा १३४ अंशाला चालतो, ड्राय हीट १६० ते १९० पर्यंत. एवढ्यात स्टीलच्या वायरमधला ताण सुटत नाही. निर्जंतुक होते, बास, हीट ट्रीटमेंट झाली असं धरू नका.

भट्टीत करायची पद्धत

सगळे बेंड आधी मारून संपवा. अर्धी वायर वाकवून, हीट करून, मग उरलेले बेंड मारायचे असं केलं तर नवीन बेंडमधे नवीन ताण येतोच आणि शिवाय हीट केल्यावर वायर न तुटता वाकायची क्षमता किंचित कमी होते, तीव्र बेंडला तुटायची शक्यता वाढते. सिमेट्री बघून घ्या, काचेवर ठेवून सपाट आहे का बघा, मॉडेलवर बसवून बघा, आणि वायरचा आकार ग्राफ पेपरवर पेन्सिलने काढून ठेवा. हा कागद नंतर लागणार आहे.

यात एक छोटी पायरी बरेच जण गाळतात ती म्हणजे ट्रायल अ‍ॅक्टिव्हेशन. लूप तोंडात ज्या दिशेने उघडणार आहे त्याच दिशेने हाताने हलकेच एकदोनदा उघडून बघा. वायरला शेवटचा बेंड ज्या दिशेने मारलाय त्याच दिशेने ती जास्त बळ सोसते, उलट दिशेने लवकर हार मानते, याला बॉशिंगर परिणाम म्हणतात. ट्रायलमधे लूप उघडाच राहिला तर तो आत्ताच दुरुस्त होईल, पेशंटच्या तोंडात गेल्यावर कळण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

मग वायर स्वच्छ करा, स्पिरिट किंवा अ‍ॅसिटोन लावलेल्या कापसाने पूर्ण पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका, ट्वीझरने धरा. बोटाचा तेलकटपणा राहिला की तिथे रंगाचे डाग पडतात आणि मग स्ट्रॉ कलर आलाय की डाग पडलाय तेच कळेनासं होतं. वॅक्सच्या खुणा केल्या असतील तर त्याही घालवा.

अ‍ॅक्रिलिक लागायच्या आधी हीट करायचं हे वेगळं सांगायला नको वाटतं पण रिमूव्हेबल अप्लायन्सच्या घाईत हे राहून जातं. एकदा अ‍ॅक्रिलिकची बेस प्लेट चढली की ती स्प्रिंग भट्टीत जाऊ शकत नाही. तसंच इलॅस्टिक किंवा जे काही वितळेल ते वायरवर नको.

भट्टी कुठली? पोर्सिलेन फर्नेस असेल तर उत्तम, तापमान नेमकं धरते. बर्नआऊट फर्नेस पण चालते, फक्त तिच्यात आधी वॅक्स जाळलेलं असेल तर काजळी वायरवर बसते, म्हणून एकदा रिकामी तापवून घ्या. भट्टी ४५० वर आणा आणि लगेच वायर टाकू नका, दहा-पंधरा मिनिटं तिथे स्थिर राहू द्या, बऱ्याच भट्ट्या आधी आकड्याच्या वर उडी मारतात मग खाली येतात. सिरॅमिकच्या ट्रेवर वायर मोकळी ठेवा, भिंतीला टेकवू नका, एकावर एक रचू नका. दार उघडलं की आतलं तापमान पडतं, त्यामुळे घड्याळ दार बंद करून आकडा परत ४५० वर आल्यापासून लावा. ०.०१६ ची बारीक वायर काही सेकंदांत तापते, ०.९ मिमीच्या क्वाड हेलिक्सला जरा वेळ लागतो, जाड वायरला एखादं मिनिट जास्त द्यायला हरकत नाही.

वेळ झाली की लांब ट्वीझरने बाहेर काढा आणि ट्रेवरच हवेत गार होऊ द्या. पाण्यात टाकायची गरज नाही. गार झाल्यावर पांढऱ्या कागदावर ठेवून ट्यूबलाईटखाली रंग बघा. फिकट पिवळा ते जरा गडद पिवळा असेल आणि सगळीकडे सारखा असेल तर झालं. तपकिरीकडे झुकला असेल तर तापमान किंवा वेळ थोडा जास्त झाला, वायर बहुतेक ठीक असते पण पुढच्या वेळी भट्टी तपासा. जांभळा-निळा आला तर ती वायर बाजूला ठेवून पुढे सांगितलेली वाकवून बघायची चाचणी करा. काळपट राखाडी असेल तर टाकून द्या. रंग हा ऑक्साईडच्या थराचा असतो, थर जाड होत गेला की रंग बदलतो, त्यामुळे तो तापमान आणि वेळ दोन्हीवर चालतो, एकट्या रंगावर विसंबू नका, पण खूण म्हणून तो फार कामाचा आहे.

आता तो ग्राफ पेपर काढा. वायर त्यावर ठेवली की लक्षात येईल की आकार थोडा हललाय, आर्च जरा उघडलेला किंवा मिटलेला, एखादा लूप किंचित फिरलेला. हे अपेक्षितच आहे, ताण सुटला म्हणजे धातू जरा सरकणार, आणि हे सरकणं भट्टीत झालं म्हणून तोंडात होणार नाही. थोडीफार दुरुस्ती हलक्या हाताने करा. मोठी दुरुस्ती करावी लागली तर परत एकदा ४५० ला टाका.

भट्टी नसेल तर

बऱ्याच क्लिनिकमधे भट्टी नसते पण स्पॉट वेल्डर (करंटने धातू जोडायचं यंत्र) असतो, आणि त्याला हीट ट्रीटमेंटसाठी दोन टोकं दिलेली असतात. त्यात वायर अडकवून करंट सोडला की वायर स्वतःच्याच रेझिस्टन्सने तापते. काम पटकन होतं पण सारखं होत नाही, क्लॅम्पजवळचा भाग थंड राहतो कारण क्लॅम्प उष्णता ओढून घेतो, आणि मधला भाग भराभर तापतो. करायचंच असेल तर सगळ्यात कमी सेटिंग, एका वेळी लहान भाग, पेडल दाबून धरायचं नाही तर थोडं थोडं दाबून सोडायचं, नजर रंगावर, पिवळा उमटला की लगेच थांबायचं. पिवळ्यावरून निळ्यावर जायला क्षणभर पुरतो. आधी टाकाऊ तुकड्यांवर हात बसवा, लूपवाली वायर नंतर.

ज्योतीवर करणं मी नवीन माणसाला सांगणार नाही. अनुभवी तंत्रज्ञ ब्रश फ्लेमच्या (मऊ, पसरट ज्योतीच्या) वरच्या टोकाच्याही वर वायर सतत फिरवत पिवळा रंग आणतात आणि छान आणतात, पण त्यांच्या हाताला ती सवय वर्षानुवर्षांची असते. लायटर किंवा काडी पेटवून तिच्यावर लूप धरणं तर नकोच, काजळीमुळे रंग दिसत नाही आणि एक जागा लाल होऊन जाते. लॅटेक्सचे ग्लोव्ह घालून ज्योतीजवळ जाऊ नका, आणि डोळ्यावर चष्मा हवाच.

काम झालं की नाही ते तपासायचं कसं

एकाच वायरचे दोन सारखे तुकडे घ्या, दोन्हीत एकसारखा उभा लूप मारा, ग्राफ पेपरवर काढा. एक भट्टीतून काढा, दुसरा तसाच ठेवा. दोन्ही एकाच अंतराने उघडून सोडा, मग थोडं जास्त अंतर, मग आणखी जास्त, दर वेळी कागदावर ठेवून बघा. न तापवलेला तुकडा आधी आकार सोडतो. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही, म्हणून पहिल्या वर्षाच्या प्रीक्लिनिकललाच करून टाका.

मऊ पडलीये का हे बघायला सोपी चाचणी, दर वेळी ट्रेवर त्याच वायरचा एक सरळ तुकडाही टाका. गार झाल्यावर तो बोटांनी थोडा वाकवून सोडा. उसळून सरळ आला तर वायर जिवंत आहे. वाकलेलाच राहिला तर ट्रेवरची सगळी वायर तशीच झाली असणार, पेशंटला लावू नका.

सोल्डरिंगचं वेगळं बघा

लिंग्वल आर्च बँडला (दाढेभोवतीच्या धातूच्या कड्याला) सोल्डर करताना सिल्व्हर सोल्डर ६२० ते ६६५ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणजे आपण बरोबर त्या नको असलेल्या पट्ट्यात जातो. टाळता येत नाही, त्यामुळे तिथे कमीत कमी वेळ थांबायचं हेच हातात आहे. फ्लोराईड असलेला फ्लक्स वापरा, साध्या बोरॅक्सने क्रोमियमचा ऑक्साईड नीट निघत नाही आणि सोल्डर पसरत नाही म्हणून माणूस तापवतच राहतो. फ्लक्सचा धूर नाकात जाऊ देऊ नका, खिडकी किंवा एक्झॉस्ट चालू ठेवा. ज्योत बारीक, तिचा रिड्युसिंग (कमी ऑक्सिजनचा) भाग जोडावर, लूप आणि स्प्रिंगच्या भागावर ओला कापूस किंवा ओलं प्लास्टर. सोल्डर चमकून वाहिला की ज्योत बाजूला आणि लगेच पाण्यात, इथे मात्र पाणी हवं, कारण नको असलेल्या तापमानातून वायर झटकन खाली आली पाहिजे. काही महिन्यांनी सोल्डरच्या शेजारी तपकिरी डाग दिसतात किंवा वायर नेमकी जोडाच्या एक-दोन मिलिमीटर पलीकडे तुटते, ती बहुतेक वेळा जास्त वेळ तापवल्यामुळे. वेल्डिंग पुरेसं असेल तिथे स्पॉट वेल्डिंग करा, तिथे तापणारी जागा लहान असते. सोल्डर आणि स्ट्रेस रिलीफ दोन्ही करायचं असेल तर सोल्डर आधी, मग भट्टी, ४५० ला सोल्डर वितळत नाही.

मुद्दाम मऊ करायचं काम एकच, वायरचं मागचं टोक सिंच करण्यासाठी, म्हणजे शेवटच्या दाढेमागे वळवून अडकवण्यासाठी. जाड स्टीलचं टोक वळत नसेल तर तोंडाबाहेर काढून फक्त शेवटचे दोन-तीन मिलिमीटर लाल करा, त्याच्या पुढचा भाग प्लायरने घट्ट धरून, म्हणजे उष्णता प्लायरमधे जाईल.

बाकीच्या वायरींना हे नियम लावू नका

एल्जिलॉय ही कोबाल्ट, क्रोमियम आणि निकेलची वायर, सुमारे ४० टक्के कोबाल्ट. ती मात्र हीट ट्रीटमेंटने खरोखर ताठ होते, ४८२ अंशाला ७ ते १२ मिनिटं, म्हणून निळी एल्जिलॉय मऊ असतानाच हवी तशी वाकवायची आणि मग भट्टीत टाकायची, क्वाड हेलिक्ससाठी फार सोयीचं पडतं. स्टीलमधे असा फायदा मिळत नाही. निकेल टायटॅनियम वायर भट्टीत टाकू नका, तिचं सगळं वागणं तापमानाच्या बदलावर अवलंबून असतं. टीएमए म्हणजे बीटा टायटॅनियम, त्यालाही क्लिनिकमधे हीट ट्रीटमेंट करायची नसते. ड्रॉवरमधे या सगळ्या वायरी एकत्र लोळत असतात आणि रंगावरून टीएमए आणि स्टीलमधे नवीन माणसाची गल्लत होऊ शकते, त्यामुळे पाकिटातून काढलेली वायर लेबल लावलेल्या नळीतच ठेवा.

शेवटचं पॉलिशिंग

पिवळा थर तसाच ठेवून वायर लावली तरी चालते, पण तो दिसायला बरा नसतो आणि त्यावर घर्षणही थोडं वाढतं. बारीक रबर व्हीलने किंवा प्युमिसने हलकं घासलं तरी निघतो, फक्त घासताना वायर परत तापू देऊ नका. इलेक्ट्रोपॉलिशिंगचं युनिट असेल तर ते सगळ्यात छान, वायर पॉझिटिव्ह टोकाला, अ‍ॅसिडच्या द्रावणात काही सेकंद, की चकचकीत होऊन बाहेर येते आणि वरचा थर परत नीट बसतो. त्यात वायर थोडी बारीक होते हे लक्षात असू द्या. ०.०१७ × ०.०२५ ची वायर जास्त वेळ ठेवली तर तिची जाडी कमी होऊन ब्रॅकेटच्या स्लॉटमधे ती सैल बसायला लागते आणि टॉर्क (दाताच्या मुळाला कलवणारा पीळ) मिळत नाही. म्हणून आधी आणि नंतर मायक्रोमीटरने मोजा, आणि अ‍ॅसिड असल्यामुळे जाड ग्लोव्ह घालूनच हात लावा, वायर भरपूर पाण्याने धुऊन कोरडी करून मगच चेअरकडे न्या.